आज रात्री पैज लावाल का?

कोल्हापूरच्या डोक्यावर, साधारण २५० किलोमीटर उंचीवर, काही रात्री भोकं पडतात. दिवस मावळल्यानंतर काही वेळानं ती येतात. उत्तर-दक्षिण पसरलेले लांबट पट्टे असतात आणि ते सेकंदाला शंभरेक मीटर वेगानं पूर्वेकडं सरकत जातात. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पण त्या उंचीवरचा ऑक्सिजन रात्रभर एक अगदी मंद तांबडा प्रकाश सोडत असतो, ६३० नॅनोमीटरचा. तेवढाच प्रकाश टिपणारा कॅमेरा आकाशाकडं तोंड करून ठेवला, की फोटोत काळे पट्टे उमटतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रडार बसवलं, कॅमेरे लावले, आणि कोल्हापूरच्या आकाशातले हे पट्टे जगभरच्या शोधनिबंधांत गेले. गावात मात्र ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

त्या उंचीवरच्या हवेत सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असतात, त्यांना प्लाझ्मा म्हणतात; भोकं पडतात ती त्यात. शास्त्रज्ञ त्यांना प्लाझ्मा बबल म्हणतात, मी बुडबुडे म्हणतो. ते कसे तयार होतात हे बऱ्यापैकी कळलेलं आहे. आज रात्री होतील की नाही, हे मात्र खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. या एका गोष्टीवर मी माझ्या मराठी ऑडिओ मालिकेत एक भाग केला.

मी आधी वर्तमानपत्रात विज्ञानाच्या बातम्या लिहायचो. बातमीला ‘सापडलं’, ‘सिद्ध झालं’, ‘यश आलं’ असली क्रियापदं लागतात. जे अजून सापडलेलं नाही त्याला जागा मिळते ती रविवारच्या पुरवणीत, तीही ‘गूढ’, ‘रहस्य’ असला मथळा लावून. म्हणून आवाजाकडं वळलो. शिवाय आमच्याकडं लोकांचे कान रिकामे असतात. हुपरीत चांदीकाम करणारा माझा एक मित्र आहे. त्याचे हात आणि डोळे दिवसभर कामात, कान मोकळे. असा माणूस चाळीस मिनिटं ऐकतो आणि संध्याकाळी फोन करून शंकाही विचारतो. वाचकानं मला असं कधी पकडलं नव्हतं.

मालिकेचा नियम एकच: एका भागात एकच प्रश्न, आणि त्याला आज उत्तर नसलं पाहिजे. विषय सुचवणारे भरपूर भेटतात. कोल्हापुरात हमखास सुचवला जातो तो अंबाबाईचा किरणोत्सव. भाग सुरेख होईल, पण त्याला उत्तर आहे. देवळाची दिशा आणि मावळतीच्या सूर्याची वर्षभरात सरकणारी जागा यांचं ते गणित आहे, आणि किरण कधी अडलेच तर ते ढगांनी, धुरक्यानं नाहीतर वाटेतल्या बांधकामांनी. दुसरी सूचना येते ती ‘विश्वात आपण एकटेच आहोत का’. त्याला उत्तर नाही हे खरं, पण त्यात हात कुठं घालायचा तेच समजत नाही. पहिल्या पाच मिनिटांत सगळं बोलून होतं आणि उरलेला वेळ संगीत वाजवावं लागतं.

निवड करताना मी बघतो ते एवढंच, की या प्रश्नात माहिती कुठपर्यंत जाते आणि नेमकी कुठं थांबते, ती कड बोट ठेवून दाखवता येईल का? ‘माहीत नाही’ हे सगळ्या शास्त्रज्ञांचं सारखं नसतं. कुणी बघितलेलंच नसतं. कुणी बघितलेलं असतं, पण दोन गटांचं पटत नाही. विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय, याची एका पद्धतीनं मोजणी ६७ च्या आसपास येते आणि दुसरीनं ७३ च्या (किलोमीटर प्रतिसेकंद, दर मेगापार्सेकला; मेगापार्सेक हे अवकाशातल्या अंतराचं एक माप). मोजणारे दोघंही जबाबदार आहेत आणि दोघंही मागं हटायला तयार नाहीत. आणि काही वेळा समीकरण हातात असतं, तरी त्यातून आजची रात्र निघत नाही. बुडबुड्यांचा प्रश्न या शेवटच्या जातीचा. मला ती जात सगळ्यात आवडते, कारण तिच्यात अज्ञान फार बारकाईनं मोजलेलं असतं.

वाचायला बसलो तर गोष्ट थेट १९३८ पर्यंत गेली. पेरूमधल्या वानकायो इथं बुकर आणि वेल्स या संशोधकांना रात्री आयनांबरातून, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरांतून, परतणारे रेडिओचे प्रतिध्वनी विस्कटलेले दिसले. एरवी स्वच्छ रेघ यायची, तिथं पसरट धब्बा. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले तेही १९३८ सालीच. या योगायोगाचा विज्ञानाशी काडीचा संबंध नाही, पण मी तो भागात घातला. वर्ष लक्षात राहतं. आणि विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली हा सिद्धांत बहुतेकांनी मानला तरी आपला वेगळा मुद्दा आयुष्यभर मांडत राहिलेला माणूस या गावात जन्मला, हे अशा मालिकेत एकदा तरी म्हणावंसं वाटलं.

मुलाखत दिली ती भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी. त्यांचं नाव इथं देत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. रेकॉर्डिंग त्यांच्या घरी, पुस्तकांच्या खोलीत झालं. पुस्तकांनी भरलेली भिंत आवाज शोषून घेते, स्टुडिओचं भाडं वाचतं. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून मी गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. ही युक्ती या धंद्यात जुनी आहे. बोलणं सुरू करण्याआधी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. पुढं वाक्यं कापून जोडताना मधल्या फटीत ही शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला सांधा खटकतो. सरांना हे फार आवडलं. त्यांच्या क्षेत्रातही आधी उपकरणाचा स्वतःचा गोंगाट मोजतात, मग सिग्नल.

पहिला अर्धा तास त्यांनी वर्गात शिकवतात तसं शिकवलं. दिवसा सूर्य हवेच्या वरच्या थरांतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवतो. सूर्य मावळला की खालच्या, दाट हवेतले आयन आणि इलेक्ट्रॉन चटकन एकमेकांना भेटतात आणि तो थर विरळ होतो. वरचा थर मात्र तसाच राहतो, उलट संध्याकाळच्या विद्युतक्षेत्रानं आणखी वर उचलला जातो. म्हणजे जड वर, हलकं खाली. ही रचना अस्थिर असते. खालून एखादी लहानशी लाट आली, की हलकं घुसतं वर. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जिथं जमिनीला समांतर असतात ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं (थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडवलं, ती जागा त्यासाठीच निवडली होती). बुडबुडा उगवतो तिकडं. तो जितका उंच चढेल तितका चुंबकीय रेषांवरून उत्तरेकडं पसरतो. चांगला काहीशे किलोमीटर चढलेला असेल, तरच कोल्हापूरच्या कॅमेऱ्यात येतो.

हे ऐकताना माझ्या डोक्यात तांबड्या रश्श्याची तर्री आली. तेल हलकं, म्हणून वर तरंगतं. समजा एखाद्यानं तर्री खाली आणि रस्सा वर असा वाडगा भरून दाखवला, तर? तर्री गोळ्यागोळ्यांनी वर येईल. मी ते बोलून दाखवलं. सर हसले आणि म्हणाले, “चालेल. पण तर्रीला चुंबकीय क्षेत्र धरून ठेवत नाही, तेवढं सांगा.” त्यांचं हसणं आणि ती दुरुस्ती, दोन्ही भागात जसंच्या तसं ठेवलं. दुसऱ्या सगळ्या उपमा कापल्या.

मग मी विचारलं, “सर, आज रात्री पैज लावाल का?”

हा प्रश्न मी आता प्रत्येक शास्त्रज्ञाला विचारतो. ‘या क्षेत्रात कोणती आव्हानं आहेत’ असं विचारलं, की शोधनिबंधाचा शेवटचा परिच्छेद ऐकायला मिळतो. पैजेचं नाव काढलं, की माणूस थांबून हिशोब करायला लागतो. सरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मार्च महिना, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा काळ; आपल्या पट्ट्यात बुडबुड्यांचा हंगाम. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र शिखराच्या आसपास, तेही बुडबुड्यांना अनुकूल. चुंबकीय वादळ नाही. थर किती वेगानं वर उचलला जातो ते संध्याकाळी पाहता येईल. एवढं सगळं जमेला धरून ते गप्प झाले. खोलीत बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “महिनाभराची पैज लावतो. आजची नाही. ऋतू सांगता येतो हो, रात्र सांगता येत नाही.”

मला हवी होती ती कड हीच. पुढचा सगळा भाग त्या वाक्याभोवती रचला.

का सांगता येत नाही, यावरही ते बोलले. बुडबुड्याचा अंकुर, म्हणजे ती पहिली लहानशी लाट, कुठून येते हा वाद आहे. खालच्या वातावरणात, गडगडाटी ढगांतून निघालेल्या लाटा वर चढत जाऊन हा धक्का देतात, असं अनेकांना वाटतं. पण लाट आली आणि बुडबुडा नाही, अशाही रात्री असतात. अमेरिकेनं २००८ मध्ये खास हे भाकीत करता यावं म्हणून सी-नॉफ्स नावाचा उपग्रह सोडला. तो वर गेला तेव्हा सूर्य कमालीचा शांत होता. निरीक्षणं पुष्कळ मिळाली, २०१५ मध्ये उपग्रह वातावरणात जळून गेला, आणि रात्रीची पैज लावायला लोक अजून तयार नाहीत.

मुलाखत झाली, पण मुलाखत म्हणजे भाग नव्हे. अडचण खरी पुढं होती: ज्याला आवाजच नाही ते ऐकवायचं कसं? राधानगरीच्या काजव्यांवर भाग करताना हीच अडचण आली होती. तिथं निदान जंगल होतं, बेडूक होते, बघणाऱ्या माणसांचे हुंकार होते. इथं २५० किलोमीटरवरची विरळ हवा.

यावर तोडगा निघाला तो मिडीयम वेव्ह रेडिओत. लहानपणी सांगली आकाशवाणी ऐकणाऱ्या सगळ्यांना आठवत असेल, रात्र झाली की मध्येच परक्या भाषा घुसायच्या. त्याचं कारण आयनांबर. दिवसा ६० ते ९० किलोमीटरवरचा थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरघळतो, लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचून परततात, आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं घरात येतात. म्हणजे साध्या रेडिओवर आयनांबर बदलताना ऐकू येतं.

गावात मात्र जमेना. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांनी मिडीयम वेव्हचा पट्टा इतका खरखरीत करून टाकलाय, की दूरचं काही लागतच नाही. म्हणून मसाई पठारावर गेलो. पन्हाळ्याच्या पुढं जांभ्याचं ते लांबलचक सपाट पठार, विजेच्या तारांपासून लांब. रेडिओ दगडावर, एक माईक त्याच्यासमोर, दुसरा मोकळ्या हवेकडं. वारा इतका, की माईकला केसाळ टोपडं घालूनही तो पाठीनं अडवून बसावं लागलं. दिवस मावळायच्या बराच आधी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुई एकाच जागी ठेवली. एका धनगरमामांनी थांबून विचारलं, “पावनं, टेशन गावंना झालंय व्हय?” मी म्हटलं, “मामा, न लागलेलंच ऐकतोय.” ते बसलेच शेजारी.

आधी नुसतं खर्र. सूर्य टेकला तशी त्या खरखरीच्या मागं एक बाई बोलायला लागली, भाषा कळण्याइतकं नाही. मग बुडाली. मग कन्नड, स्वच्छ. थोड्या वेळानं त्यावर चढलेलं एक गाणं, बहुधा अरबी, वर-खाली हेलकावे खाणारं. मधूनच तडतड. ती तडतड म्हणजे कुठंतरी लांब चमकणारी वीज. वळवाचे ढग आमच्या क्षितिजावर नव्हते, पण रेडिओत होते. मामा म्हणाले, “आमच्या लहानपनी पन आसंच व्हायचं, आमी म्हनायचो रात्रीचं वारं लागतंय रेडिओला.” हे वाक्य भागात आहे. मी स्वतः लिहून यापेक्षा बरं काही सुचलं नसतं.

रेकॉर्डिंग सरांना पाठवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि एक अट घातली: रेडिओवर जो पडदा उघडतो तो खालचा थर आहे, बुडबुडे वरच्या थरातले. दोन्ही संध्याकाळच्या आयनांबराच्याच गोष्टी, पण एक ऐकवून दुसरं ऐकवलं असं भासवायचं नाही. निवेदनात तसं एक वाक्य घातलं. त्या वाक्यानं प्रसंगाची नशा थोडी उतरते. उतरू दे.

मग खुद्द बुडबुडा. माझे भाग एडिट करणारा मित्र म्हणाला, “पाण्याचे बुडबुडे घाल की लेका, भांड्यात पाणी उकळून देतो.” सोपं होतं आणि लोकांना आवडलंही असतं. पण ते खोटं. आम्ही दुसरी वाट धरली. बुडबुड्याच्या कडांमधून जाताना उपग्रहाचा सिग्नल थरथरतो. जोराची थरथर असेल तर तो २० डेसिबलपर्यंत पडू शकतो, म्हणजे शक्तीचा शंभरावा हिस्सा उरतो. तुमच्या मोबाईलमधलं जीपीएस याच सिग्नलवर चालतं. सरांकडं जुन्या निरीक्षणांतल्या लागोपाठच्या दोन रात्री होत्या. महिना तोच, सूर्य तसाच, चुंबकीय शांतताही तशीच. एका रात्री बुडबुडा आला, दुसऱ्या रात्री आला नाही. आम्ही मिरजेच्या तानपुऱ्याचा एकच स्वर रेकॉर्ड केला आणि त्याचा आवाज सिग्नलच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त केला. शांत रात्री स्वर सरळ चालतो. बुडबुड्याच्या रात्री तो काही वेळ तसाच जातो, मग फाटतो, बुडतो, धपापत वर येतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा सरळ, काही झालंच नाही असा.

हा आवाज आम्ही तयार केलेला आहे, आकाशातून आलेला नाही, हे आधी सांगितलं. मग दोन्ही रात्री एकापाठोपाठ लावल्या आणि मध्ये एकच वाक्य ठेवलं: या दोन रात्रींत फरक का पडला, हे आज कुणालाच नक्की सांगता येत नाही. एडिटरला भीती होती, नुसता स्वर हलतोय तर लोक पुढं ढकलतील. ढकललं नाही. फोन आले ते बहुतेक याच दोन मिनिटांबद्दल.

स्क्रिप्ट मी आत्याला वाचून दाखवतो. ती शिकलेली आहे, पण विज्ञानाची नाही, आणि कंटाळा आला की सरळ भाजी निवडायला घेते. ज्या ओळीला तिनं हात परडीत घातला, ती ओळ बदलायची. ‘विद्युतभारित’, ‘अस्थिरता’, ‘विचरण’ असे शब्द पानावर शोभतात, कानात मात्र एकावर एक पडून राहतात. आकडे तर एका मिनिटात एकापेक्षा जास्त नकोतच. या लेखात मी जितके आकडे घातलेत त्यातले अर्धेही भागात नाहीत.

सगळेच अनुत्तरित प्रश्न असे निरुपद्रवी नसतात, हे मला कोयनेच्या भागानं शिकवलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा भूकंप. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरायला लागल्यानंतर तिथं भूकंप सुरू झाले, आणि पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तेवढ्याच तुकड्यात होत राहिलेत. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध मान्य आहे. पाणी खोल खडकात नेमकं काय करतं, आणि इतकी वर्षं का करत राहतं, ते उलगडण्यासाठी तिथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. तो भाग करताना ‘कुणालाच माहीत नाही’ असं वाक्य मला एकदाही मोकळं सोडता आलं नाही. ज्यांची घरं तिथं आहेत त्यांच्या कानात ते वेगळं वाजतं, आणि पोकळी दिसली की व्हॉट्सअपवरचा भविष्यवेत्ता तिथं येऊन बसतो. म्हणून त्या भागात प्रत्येक ‘माहीत नाही’च्या आधी आणि नंतर माहीत असलेलं घट्ट बसवलं: भूकंपाची तारीख कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय, हे धरून. बुडबुड्यांच्या भागात तसा धाक नव्हता, म्हणून थोडं खेळता आलं.

भाग बाहेर पडल्यावर हुपरीच्या मित्राचा फोन आलाच. “भावा, सगळं ऐकलं. पण शेवटी सांगितलंस काय?” मी म्हटलं, “सरांनी पैज लावली नाही, हे.” तो म्हणाला, “मग मी लावतो, आज येतोय बुडबुडा.” आता तो अधूनमधून पैज लावतो आणि निकाल माझ्याकडं मागतो. निकाल द्यायला माझ्याकडं कॅमेरा नाही. ढग असले, चांदणं असलं तर कॅमेरावाल्यांकडंही नसतो.

मला जो उपयोगाचा वाटला तो मेसेज मात्र महामार्गाच्या कामावर मोजणी करणाऱ्या एका मुलाचा. तो रात्रीच्या पाळीत जीपीएस घेऊन बिंदू टाकतो. मार्चमध्ये काही रात्री आठ-नऊच्या पुढं ‘फिक्स’ जायचा आणि ‘फ्लोट’वर अडकायचा, म्हणजे सेंटीमीटरची अचूकता जायची. साहेब म्हणायचे मशीन खराब, मशीनवाले म्हणायचे नेटवर्क. मग आपोआप सगळं ठीक व्हायचं. “हे तेच का?” एवढंच त्यानं विचारलं होतं.

मला उत्तर देता येईना, म्हणून मेसेज सरांना पाठवला. त्यांचा फोन लगेच आला. नेटवर्कही असू शकतं, म्हणाले, घाई नको. पण त्या मुलाला सांगा, कच्च्या फाईली पुसू नकोस, बिघडलेल्या रात्रींच्या पाठव आणि न बिघडलेल्या रात्रींच्याही पाठव. आणि घड्याळात भारतीय वेळ आहे की जागतिक, ते प्रत्येक फाईलवर लिही.